कंटेनरची ओटी

शहागंजात झेंडूचे ढीग लागले, की सगळ्या शहराला दसरा आठवतो. मला ऑस्ट्रेलिया आठवतो.

परवा सकाळी संगीतानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, पिशवी हातात देऊन बाजारात पिटाळलं होतं. ढिगांवर ओलं पोतं टाकलेलं, पोत्याच्या भोकांतून केशरी डोळे बाहेर आलेले. झेंडूचा वास गोड नसतो, हे लोक वर्षभर विसरून जातात. कडसर, हिरवा, थोडा औषधाच्या दुकानासारखा वास. एकदा बोटांना लागला की दुपारच्या वरणभातापर्यंत पुरतो. मी एक फूल नाकाशी धरून उभा राहिलो तो उभाच. शेवटी फूलवाला म्हणाला, "मास्टरजी, तोलूं क्या? कि बस सूंघतेच रैते?"

मी घाईघाईनं फुलं घेतली. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. माझ्या भाचीचा, ऋतुजाचा.

"मामा, नवमीला येताय ना वाळूजला? आणि येताना खिसे झाडून या हं."

उभा जन्म पोरांना शिस्त लावण्यात गेला, आणि भाची सांगते, खिसे झाडून या! पण तिचं म्हणणं रास्त आहे. ते का, हे सांगायचं तर मला काही वर्षांपूर्वीच्या एका नवरात्रात जावं लागतं. तसा मी दर झेंडूला तिथं जाऊन येतोच.

मी शाळेत भूगोल शिकवतो. जगातली बंदरं मला घडाघडा येतात. रॉटरडॅम, सिंगापूर, डर्बन, मेलबर्न, सगळ्यांवर डोळे मिटून बोट ठेवतो. प्रत्यक्ष समुद्र मात्र मी दोनदाच पाहिलाय, दोन्ही वेळा शाळेच्या सहलीत, आणि दोन्ही वेळा पाठ समुद्राकडे अन् तोंड मुलांकडे. कोणी पाण्यात पळू नये म्हणून. जहाज एकदा लांबून दिसलं होतं. संगीताला फोटो दाखवला तर ती म्हणाली, ही होडी आहे.

असल्या माणसाच्या घरात ऋतुजा राहायला आली. ती माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, मुलगी. वैजापूरजवळच्या गावातली. कॉलेजसाठी आमच्याकडे आली, बी.कॉम. झाली, आणि आता ती बँकेच्या परीक्षा देणार हे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. तिनं एके दिवशी जेवताना सांगितलं की तिला नोकरी लागलीय. फ्रेट फॉरवर्डिंगमध्ये.

वरणात खडा लागावा तसा तो शब्द आमच्या दाताखाली आला. संगीतानं शेजारी सांगितलं, "कुरियरमध्ये आहे." मी स्टाफरूममध्ये सांगितलं, "आंतरराष्ट्रीय व्यापारात आहे." माहीत दोघांनाही काही नव्हतं, माझं अज्ञान जरा भारदस्त होतं, एवढंच.

मग दाजी आले. अक्काचे यजमान, ऋतुजाचे वडील. कांदा-कापसाचे शेतकरी, बोलणं कमी, प्रश्न जास्त. पाट ओढून बसले आणि लेकीला म्हणाले, "जहाज तुमचं?"

"नाही, पप्पा."

"ट्रक तरी?"

"भाड्यानं घेतो."

"मंग माल तुमचा."

"माल कारखानदाराचा."

"मंग तुमचं काय हाये त्याच्यात?"

ऋतुजानं घास हातातच ठेवून विचार केला. "मधली वाट आमची. कारखान्याच्या दारापासून परदेशातल्या दारापर्यंत. जहाजात जागा धरायची, कस्टमचे कागद करायचे, ट्रक लावायचा. माल कुठं अडकला, की शिव्या आमच्या."

"म्हंजी शिव्या तेवढ्या सोताच्या," दाजी म्हणाले. "बरंय. दिवाळीपर्यंत बघू. कायम केलं तर ठीक. नाय केलं तर घरी यायचं. तिथं बसून बँकेचा अभ्यास करायचा, अन् आलेलं स्थळ बी बघायचं. दिवाळीच्या पुढं मी नाय थांबायचो."

त्यात राग नव्हता. ज्या माणसाचं सगळं आयुष्य हंगामानं चालतं, तो लेकीच्या नोकरीलाही हंगाम लावणारच. पेरलंय ना, मग दिवाळीला घरात आलं पाहिजे. ऋतुजा मान हलवून जेवत राहिली. पण त्या दिवसापासून आमच्या घरात दिवाळी हा सण राहिला नाही. ती एक भिंत झाली, आणि पोरगी रोज तिच्याकडे चालत होती.

जालना रोडवर एका इमारतीत तिचं ऑफिस. साहेब म्हणजे शेखसर, जुन्या शहरातला माणूस, बोलण्यात अदब आणि कामात कंजुषी नाही. त्यांचं एक वाक्य ऋतुजा घरी घेऊन आली: "स्क्रीनवर सगळे कंटेनर स्वच्छच असतात, बेटा. जाऊन बघ." मग ती जाऊन बघायला लागली. माळीवाड्याच्या कंटेनर डेपोत, वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत. संध्याकाळी सलवारीला गंज लावून परत यायची, आणि संगीता तिला दारातच थांबवून म्हणायची, "ही कसली कॉमर्सची नोकरी गं?"

तिच्याबरोबर शब्दही घरी येत. त्यातला एक तर आमच्यात मुक्कामालाच राहिला: कट-ऑफ. बंदराच्या फाटकातून कंटेनर अमक्या वेळेच्या आत गेला पाहिजे. गेला नाही, तर जहाज त्याच्यासाठी थांबत नाही. वऱ्हाड येवो न येवो, मुहूर्त टळायचा नाही, तसं. संगीताला हे इतकं पटलं, की तिनं आमच्या चहाला कट-ऑफ लावली. मी अंघोळीतून येईपर्यंत माझा कप किती वेळा जहाज चुकलेल्या मालासारखा ओट्यावर गार पडलेला असे, काय सांगू.

मला मात्र भलतंच वेड लागलं. त्या वर्षी श्रावणात शाळेची सहल अजिंठ्याला गेली होती. फर्दापूरला बस थांबली, मुलं भज्यांवर तुटून पडली, आणि मी चहाचा ग्लास घेऊन डोंगराकडे बघत बसलो. पैठणचं कापड गाड्यांवर लादून डोंगर उतरून भडोचच्या बंदराला जायचं, तिथून पार रोमला, हे मी वर्षानुवर्षं शिकवतोय. लेण्यांना दान देणारे व्यापारी असेच वाटसरू होते, हेही शिकवतो. त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं, तो माल नेमका नेला कोणी? विणणाऱ्याचं कौतुक झालं, नेसणाऱ्यांचं झालं. पण घाटात चाक मोडल्यावर ज्यानं शिव्या खाल्ल्या, पावसात गाठोडी झाकली, भडोचच्या नावाड्याला 'थांब रे बाबा, आलोच' असा निरोप धाडला, तो कोण? त्याचीही कोणी ऋतुजा असेलच की. तिचाही कोणी मामा असेल, गाडीत उगीच चढून बसणारा.

हेडमास्तरांनी हाक मारली. दोन पोरं माकडांच्या मागे गेली होती.

भाद्रपद सरता सरता शेखसरांनी ऋतुजाला एक काम संपूर्ण सोपवलं. वाळूजला जाधव म्हणून एक कारखानदार. ठिबक सिंचनाला लागणारे पाण्याचे फिल्टर बनवायचे. त्यांचा परदेशी जाणारा हा पहिलाच कंटेनर, मेलबर्नला. मला याची फार गंमत वाटली. पाण्यासाठी आभाळाकडे बघणाऱ्या आमच्या मुलखानं दुसऱ्या एका कोरड्या मुलखासाठी पाणी गाळायची यंत्रं करावीत! शेखसरांनी तिला सांगितलं होतं, "हा माल तिकडच्या दारात नीट उतरला, की तुझं कायमचं पत्र." आणि माल भरायचा दिवस निघाला तो नेमका खंडेनवमीचा. दसऱ्याच्या सकाळी मुंबईजवळच्या न्हावा-शेवा बंदरात कट-ऑफ. त्यानंतर सुट्ट्या, आणि पुढच्या जहाजाचा भरवसा नाही.

खंडेनवमीला शाळेला सुट्टी. "मी सोडतो तुला स्कूटरवर," असं मी म्हणालो. सोडायचं निमित्त होतं. मला कंटेनर आतून बघायचा होता.

त्या दिवशीचं वाळूज ज्यानं पाहिलं नाही, त्याला सांगून कळायचं नाही. एरवी खाकी, तेलकट, घाईतली ती वस्ती. आणि नवमीला प्रत्येक ट्रकच्या नाकावर झेंडूची माळ, प्रत्येक गेटला आंब्याचा डहाळा. लेथ मशीनला हळदकुंकू, फोर्कलिफ्टच्या सुळ्यांना लिंबू, वजनकाट्यावर नारळ. ऑइलचा वास आणि उदबत्तीचा वास एकमेकांत मिसळले, की तिसराच वास तयार होतो. मला तो फार आवडतो. कुठल्या बाटलीत मिळत नाही म्हणून बरं.

जाधवांच्या आवारात कंटेनर आला होता. निळा, पोचे पडलेला, अंगावर कुठल्या कुठल्या बंदरांचे ओरखडे. ऋतुजानं आधी चाकांजवळची माती बघितली, मग कडा, मग बिजागऱ्या. मुलगी बघायला आलेली आत्या जशी पायाच्या नखापासून सुरुवात करते, तसं. मग ती आत चढली. मीही चढलो.

"आता बाहेरून दारं लावा," तिनं सांगितलं.

दारं बंद झाली. असला अंधार मी पाहिला नव्हता. लोखंडी, कोमट, घट्ट अंधार. आपला श्वास भिंतीला लागून परत येत होता.

"मामा, वर बघा. कुठं चांदणी दिसते का?"

"दिवसा चांदणी?"

"भोक असेल तर उजेड आत येतो. चांदणीसारखा. तिथूनच समुद्रात पाणी गळतं."

आम्ही दोघं माना वर करून त्या अंधारात चांदण्या शोधत राहिलो. एकही नव्हती. एरवी चांदणं नाही म्हणून आनंद झालेली माणसं मी पाहिली नव्हती. मी खोल श्वास घेतला. याच्यात आधी काय गेलं असेल? कोणत्या गावचं, कोणासाठी?

"ऋतुजा, मला हिंगाचा वास येतोय. मसाले गेले असणार यातून."

"मामा, तुमच्या खिशात हिंगाष्टकाच्या गोळ्या आहेत."

दुपारच्या आत माल भरून झाला. पुठ्ठ्याची खोकी दारापर्यंत चढली. ऋतुजा गेटवर ड्रायव्हरचे कागद तपासायला आणि सील आणायला गेली. सील म्हणजे बोटभर लांबीचं कुलूप, पण किल्ली नसलेलं. एकदा दाबलं की तोडल्याशिवाय निघत नाही.

ती तिकडे वळली आणि इकडे जाधववहिनी आल्या. मालकीणबाई म्हणून त्या बसून राहणाऱ्यातल्या नव्हत्या. पॅकिंगचं सगळं त्यांच्याकडं होतं. मागून पॅकिंगच्या बायका, ठेवणीतली लुगडी-साड्या नेसून. सगळ्यांत पुढं कौसाबाई, वयानं आणि आवाजानं मोठ्या.

"मास्तर, एवढं तबक धरता का?" वहिनी म्हणाल्या.

मी धरलं. तबकात खण, नारळ, हळकुंड, सुपारी, तांदूळ आणि वर मूठभर गहू. मला वाटलं, दाराला कुंकू लावतील. पण कौसाबाई सरळ आत चढल्या, वहिनींनी ओंजळ भरली, आणि खोक्यांच्या रांगेवर, फटींत, तळाच्या फळ्यांवर तांदूळ-गव्हाची बरसात झाली.

"आपल्या हातची लेक चालली," कौसाबाई म्हणाल्या. "समुद्रापल्याड. रिकाम्या ओटीनं कशी धाडायची?"

वहिनींनी खोक्यांच्या मधे नारळ ठेवला. कोणीतरी नाक ओढलं. महिनोन् महिने त्यांनी ते फिल्टर पुसून, कागदात गुंडाळून खोक्यांत बसवले होते. आता दारं बंद होणार होती. माझेही डोळे भरून आले. मी तर जोशात येऊन एक झेंडूचं फूलही फटीत खोवलं. भूगोलाच्या शिक्षकाकडून ऑस्ट्रेलिया खंडास सप्रेम भेट.

तेवढ्यात ऋतुजा आली. हातात सील, मागे ड्रायव्हर सलीमभाई. ती दारात थबकली. मला वाटलं, पोरगी भारावली.

"मामा," ती हळू म्हणाली, "हे तांदूळ आहेत का?"

"अक्षता!" मी अभिमानानं म्हणालो. "गहूपण आहेत."

"गहूपण," ती म्हणाली, आणि खाली बसली.

मग तिनं जाधवांना सांगितलं ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं. ऑस्ट्रेलियात बाहेरचं बी, माती, पान, किडा काही चालत नाही. दाणा सापडला तर कंटेनर अडकवून ठेवतील, धुरी देतील, नाहीतर माल परतही धाडतील. पहिल्याच खेपेला. जाधवांचा चेहरा उतरला. वहिनींच्या हातातला कुंकवाचा करंडा तसाच राहिला.

सलीमभाई घड्याळ बघत म्हणाले, "बहनजी, सील मारो, निकलते. इत्ते डब्बों में चार दाने कौन देखता?"

खरं सांगतो, मलाही तेच वाटलं. समोर दिवाळी दिसत होती. खोकी उतरवायची, झाडायचं, परत चढवायची, तोवर कट-ऑफ गेली तर? जहाज गेलं, तर पत्र गेलं. आणि पत्र गेलं तर वैजापूरची एस.टी. ऋतुजा सील बोटांत फिरवत होती. त्या छोट्याशा लोखंडाकडं आवारातली सगळी माणसं बघत होती.

"नाही लावत मी," ती म्हणाली.

"असलं कसलं वो खाष्ट सासर!" कौसाबाई भडकल्या. "लेकीच्या ओटीतला दाणा बी निवडून बघतंय? आन् आम्ही काय इख घातलं का त्याच्यात?"

ऋतुजा त्यांच्याजवळ सरकली. आमच्या घरात राहून तिची भाषा जरा इस्त्रीची झाली होती. त्या क्षणी ती इस्त्री उतरली.

"कौसामावशी, तुमच्या रानात गाजरगवत हाये?"

"तेच हाये की मेलं! उपटून उपटून हातं खाजत्यात. बांध सुदीक सोडला नाय."

"पहिल्यापासून व्हतं का ते?"

"कुठलं! माझी सासू सांगायची, दुष्काळात बाहेरून गहू आला, त्याच्यासंगं आलं म्हून."

"त्या गव्हात बी ते कुणी इख म्हणून घातलं नसंल, मावशी."

कौसाबाईंनी आपल्या तळहाताकडं बघितलं. मग पदर कमरेला खोचला आणि फोर्कलिफ्टवाल्यावर ओरडल्या, "बघत काय बसला रं? उतरव खोकी!"

गाजरगवताचा धडा मी दरवर्षी शिकवतो. चित्रासकट. मी तबक धरून उभा होतो.

पुढचं जे झालं त्याचा फोटो माझ्याकडे नाही, याची मला अजून हळहळ वाटते. खोकी उतरली, एकेक फुंकून पुसली गेली. आणि रिकाम्या झालेल्या लोखंडी घरात पॅकिंगच्या बायका ओळीनं बसल्या. तळ लाकडी फळ्यांचा, फटीफटीत दाणे. झाडू तिथं पोचेना. मग एकीनं अंबाड्यातली पिन काढली. तिचं बघून दुसरीनं. घरी रोज तांदळातून खडे निवडणारी बोटं फळ्यांतून तांदूळ निवडायला लागली, मोबाइलच्या उजेडात, आणि निवडताना जशा गप्पा होतात तशा गप्पाही सुरू झाल्या. कोणाच्या नणंदेचं काय, कोणाच्या सुनेचं काय. वहिनी गुडघ्यांवर, जाधव गुडघ्यांवर, सलीमभाई सुपलीत दाणे, वर माझा झेंडू, गोळा करत, "ये देखो, ये भी एक छुपके बैठा" करत. ऋतुजा प्रत्येक फट स्वतः बघत पुढं सरकत होती.

शेवटची फट झाली. तळ असा स्वच्छ, की पंगत बसवावी. मलाही घाम आला होता. तो पुसावा म्हणून मी खिशातून रुमाल ओढला, आणि रुमालाबरोबर जेवणानंतरची माझी बडीशेप त्या निर्मळ तळावर सर्वदूर पसरली.

मग कौसाबाईंनी डोक्यातून पुन्हा पिन काढली.

"मास्तर, तुमची बी ओटी भरायची राहिली व्हती का?"

त्या कंटेनरमध्ये हसणं इतकं घुमलं, की बाहेरचा वॉचमन धावत आला. ऋतुजाही हसली. सकाळपासून पहिल्यांदा.

खोकी परत चढली. पण तबकात परत आलेला नारळ आणि उरलेले तांदूळ तसेच राहिले होते. वहिनी म्हणाल्या, "एकदा भरलेली ओटी माघारी कशी घ्यायची?"

"लेकीला पोचवायला कोण चाललंय?" कौसाबाई म्हणाल्या. "ही पोरगी. हिच्याच ओटीत घाला."

"अगं, लग्न कुठं झालंय तिचं?"

"नवरात्र हाये! कुमारिकेला काय कमी मान असतो व्हय?"

ऋतुजानं ओढणी पसरायला हात वर केला आणि तशीच थांबली. "एक मिनिट. आधी मी इथून लांब जाते." आवारात फोर्कलिफ्टसाठी जमिनीवर पिवळी रेघ मारलेली होती. तिच्या पलीकडे जाऊन ती उभी राहिली. तिथं तिची ओटी भरली. मग हात झटकून, ओढणी माझ्याकडं सोपवून, परत येऊन तिनं दारं लावली आणि सील दाबलं. खट्. एवढासा आवाज. सलीमभाईंनी बिस्मिल्ला म्हणून गाडी काढली.

परतताना ती मागं बसली होती, मांडीवर नारळ. नगर नाक्याच्या गर्दीत म्हणाली, "मामा, वेळेत नाही पोचला तर?"

"मेलबर्नला आता वसंत ऋतू असेल," मी म्हणालो.

"मी न्हावा-शेवाचं विचारतेय, मामा."

दसऱ्याच्या सकाळी दाराला तोरण बांधताना ती डाव्या हातात फोन धरून उजव्या हातानं पानं देत होती, आणि मी स्टुलावरून चुकीच्या खिळ्याला गाठी मारत होतो. फोन थरथरला. सलीमभाईंनी बंदराच्या फाटकाच्या आतून फोटो पाठवला होता: निळं दार, त्यावर ऋतुजानं दाबलेलं सील, कोपऱ्यात त्यांचा अंगठा. ऋतुजानं आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवलं. लहानपणी गावाची शीव ओलांडून आम्ही ही पानं आणायचो. शिवेच्या पलीकडेही तसलंच रान असतं, हे बघून दरवर्षी थोडी निराशा व्हायची. त्या सकाळी शीव कुठल्या कुठं सरकली होती, आणि मी स्टुलावर उभा होतो.

ओटीच्या तांदळाची संगीतानं खीर केली. मी दोनदा घेतली.

मग जहाज निघालं, आणि फोनवरच्या नकाशात एक हिरवा ठिपका समुद्रात सरकू लागला. ऋतुजानं वडिलांना फोनवर एकदा सांगितलं, आता श्रीलंकेच्या खाली आहे. दुसऱ्या दिवशी दाजींचाच फोन. "कुठवर आलंय?" तिसऱ्या दिवशी परत. "आज कामून हललं नाय जास्त? वारं हाये का तिकडं?" कांद्याला पाणी देऊन आले, हातपाय धुतले, की फोन. अक्का म्हणायची, माझी एवढी चौकशी केली नाही कधी.

पण ठिपका काही दिवाळीच्या आत पोचणार नव्हता, आणि पत्र ठिपक्याबरोबर होतं. दारात उतरेपर्यंत पत्र नाही, असं शेखसरांचं म्हणणं. ऋतुजानं रदबदली केली नाही. भाऊबीजेला अक्का आणि दाजी आले, तेव्हा तिची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. दिलेला शब्द होता ना. संगीता स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच वाजवत होती. मी दिवाळी अंकात डोकं घातलं होतं. उलटा धरला होता, असं संगीता सांगते.

दाजींनी बॅगेकडं बघितलं. चहा घेतला. फोन पुढं केला. "दाखव. आज कुठं?"

ऋतुजानं दाखवलं. चहूकडे निळं, मधे ठिपका.

"पप्पा, कायमचं पत्र अजून नाही आलं," ती म्हणाली.

"ते दिसतंय." दाजी ठिपक्याकडंच बघत होते. "माल कुठं हाये?"

"वाटेत."

"मंग तू बॅग कशाला भरली? वाटेतल्या लेकीला कुणी माघारी बोलवत असतं का? पोचू दे की आधी."

संगीताच्या हातातलं पातेलं पडलं. या वेळी आपोआप.

तुळशीच्या लग्नांच्या सुमारास कंटेनर पोचला. तिकडच्या तपासनिसांनी नेमका हाच कंटेनर उघडायला काढला, हे कळल्यावर ऋतुजा जेवली नाही, मीही बडीशेप खाल्ली नाही. दोन दिवसांनी घेणाऱ्यानं एक फोटो पाठवला. माल उतरवल्यानंतरचा. फोटोत काहीच नव्हतं. नुसता लाकडी तळ, फळ्या, फळ्यांमधल्या स्वच्छ फटी. शेखसरांनी त्याच दुपारी पत्र दिलं. ते ऋतुजाच्या फायलीत कुठंतरी असेल. रिकाम्या तळाचा फोटो मात्र वहिनींनी चौकट करून पॅकिंग विभागात लावलाय, आणि कौसाबाई नव्या बायकांना तो दाखवून सांगतात, "हे आमच्या हातचं."

आता वाळूजला दर खंडेनवमीला पिवळ्या रेघेच्या अलीकडे ओटी भरतात. कंटेनर पलीकडं उभा असतो, फक्त बघतो. ओटी घ्यायला ऋतुजा असते. गेल्या वर्षी तिच्या हाताखाली नवीन आलेली मुलगी होती. रेघ ओलांडणाऱ्या प्रत्येकानं खिसे उलटे करून दाखवायचे. हा नियम माझ्यामुळे झालाय, आणि भूगोलात माझी एवढीच कायमची भर.

काल संध्याकाळी मी वर्तमानपत्र पसरून त्यावर सगळे खिसे रिकामे करत होतो. बडीशेप, हिंगाष्टकाच्या गोळ्या, खडूचा तुकडा, शहागंजातली झेंडूची एक पाकळी. तेवढ्यात दाजींचा फोन आला.

"मास्तर, नवमीला म्या बी येतो. खिशात कांद्याचं बी सापडलं, ते झाडून टाकलं." मागं मोटारीचा आवाज येत होता, पाणी चालू असावं. "ह्या खेपेला कुठं चाललंय वो?"

मी कपाटातून नकाशा काढला.